देवगिरीच्या अंधारीचा खेळ: दहावीच्या भूमितीवर उभं केलेलं रेकास्टिंग

गोदाकाठ

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन देवगिरीला गेलो होतो. खंदक ओलांडून अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेत शिरलो, मोबाइलचा टॉर्च लावला आणि दहा-बारा पावलांत ती थांबली. "मामा, जवळच्या दगडावर उजेड किती लख्ख पडतो, आणि पुढे काहीच नाही." वर बारादरीपाशी टेकलो तेव्हा पुढचा प्रश्न आला: असा खेळ आपल्याला घरी करता येईल का?

ती दहावीत आहे. मी नोकरीत हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहितो, खेळ कधी लिहिलेला नाही. तयार इंजिन, म्हणजे खेळ बनवायचं आयतं सॉफ्टवेअर, घ्यायचं नाही एवढं दोघांनी ठरवलं, कारण तिला चित्र पडद्यावर येतं कसं हेच पाहायचं होतं. तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. खेळ चालतो आहे. काय शिकलो ते लिहितो, आणि शेवटी अडलेल्या तीन गोष्टी विचारतो.

पद्धत जुनी आहे, तिला रेकास्टिंग म्हणतात, म्हणजे किरण सोडून चित्र काढणं. मे १९९२ मध्ये आलेल्या वुल्फेन्स्टाइन थ्रीडी या खेळात प्रोग्रॅमर जॉन कार्मॅकने ती वापरली. त्या काळच्या २८६ आणि ३८६ संगणकांवर, ३२० बाय २०० ठिपक्यांच्या पडद्यावर तो खेळ सुरळीत पळायचा. त्यामागचं कारण असं की दिसायला सगळं त्रिमिती असलं तरी आत चौकटीच्या वहीचं एक पान आहे, बाकी काही नाही. ज्या घरात १ ती भिंत, ज्या घरात ० ती वाट. खेळाडू म्हणजे त्या पानावरचा एक ठिपका, आणि तो कुणीकडे पाहतो ते दाखवणारा बाण.

पडद्यावर ३२० उभ्या रेघा आहेत. प्रत्येक रेघेसाठी ठिपक्यापासून एक किरण सोडायचा, तो कुठल्या भिंतीला लागतो ते पाहायचं, अंतर मोजायचं. भिंत जवळ तर रेघ उंच, लांब तर बुटकी. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० पूर्ण चित्रं, धरल्या तर १९,२०० किरण होतात. आजच्या कुठल्याही फोनला हे काम किरकोळ आहे.

किरण पुढे सरकवायचा कसा, इथे आमचे पहिले चार दिवस गेले. मी आधी सोपा मार्ग धरला: ०.०५ घर पुढे जा, भिंत आहे का बघ, नाहीतर परत ०.०५. चित्र आलं, पण भिंतींच्या कडा करवतीच्या दातांसारख्या, आणि कोपऱ्यांवर अधूनमधून एखादा किरण आरपार. तेव्हा संगणक बंद केला आणि वही काढली. नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाने एक किरण तरी हाताने काढावा, असं मी अगदी मनापासून सांगेन. आमचा किरण हा असा.

खेळाडू (१.५, १.५) वर उभा, तोंड पूर्वेला. वहीत य वरून खाली वाढतो. नजरेचा एकूण कोन ९० अंश. पडद्यावरच्या २८०व्या रेघेचा किरण घेतला. त्याची दिशा येते (०.८, ०.६), म्हणजे ३-४-५ चा आपला नेहमीचा त्रिकोण. या दिशेने जाताना वहीची उभी रेषा दर १ ÷ ०.८ = १.२५ अंतरावर लागणार आणि आडवी रेषा दर १ ÷ ०.६ = १.६६७ अंतरावर. आपण घराच्या मधोमध आहोत, म्हणून पहिली उभी रेषा ०.६२५ वर आणि पहिली आडवी ०.८३३ वर.

आता नियम एकच: जो आकडा लहान, तिकडे उडी. ०.६२५ ला उभी रेषा ओलांडली, घर (२,१). ०.८३३ ला आडवी, घर (२,२). १.८७५ ला उभी, घर (३,२). २.५ ला आडवी, घर (३,३). ३.१२५ ला उभी, घर (४,३), आणि तिथे आमच्या नकाशात भिंत आहे. पाच उड्या. कुठलीही रेषा निसटत नाही, कुठल्याच घराला दोनदा भेट नाही. भाचीने पेन्सिलीने किरण काढून पट्टीने मोजला आणि उत्तर जुळलं तेव्हा ती इतकी खूश झाली की पुढचे चार किरण तिने एकटीनेच काढले.

तोच नियम मराठीत:

जोपर्यंत भिंत लागत नाही तोपर्यंत
 जर उभ्याचं_अंतर < आडव्याचं_अंतर असेल तर
  अंतर = उभ्याचं_अंतर
  उभ्याचं_अंतर मध्ये उभी_उडी मिळवा
  घर_क्ष एकने सरकवा
 नाहीतर
  अंतर = आडव्याचं_अंतर
  आडव्याचं_अंतर मध्ये आडवी_उडी मिळवा
  घर_य एकने सरकवा

दुसरी अडचण जास्त सुंदर होती. खेळ चालू झाला आणि समोरची सपाट भिंत रांजणासारखी फुगलेली दिसली. मधोमध उंच, कडेला बुटकी. याला फिश-आय म्हणतात. वहीतल्याच किरणाकडे परत गेलो. भिंत खेळाडूपासून पूर्वेला २.५ घरं आहे, पण तिरक्या किरणाची लांबी ३.१२५. आम्ही उंची २०० ÷ अंतर अशी काढत होतो. मधल्या किरणाला २०० ÷ २.५ = ८० ठिपके आणि या कडेच्या किरणाला २०० ÷ ३.१२५ = ६४. भिंत एकच, उंच्या दोन. हवं होतं ते भिंतीपर्यंतचं लंब अंतर: ३.१२५ × ०.८ = २.५. मग दोन्हीकडे ८० येतात आणि भिंत सपाट होते. गणित भाग २ मधलं समरूप त्रिकोणांचं प्रकरण उघडून तिला दाखवलं: डोळा, पडदा, भिंत. तीच आकृती.

पण म्हणून ती ३.१२५ फेकून देऊ नका. उजेडासाठी तीच लागते. टॉर्चचा प्रकाश डोळ्यापासून त्या दगडापर्यंत तिरकाच जातो, त्यामुळे रंग किती काळवंडायचा ते किरणाच्या खऱ्या लांबीवरून ठरवायचं. आधी मी उजेडालाही लंब अंतर लावलं होतं. पूर्ण भिंत एकसारखी उजळलेली दिसायची आणि अंधारीचा भास अजिबात येत नव्हता. बदलल्यावर मधे उजेड आणि कडेने काळोख, तिने आत पाहिला तसाच.

आता अडलेलं.
१. भिंतीवरचे दगड उभट, ताणलेले दिसतात.
२. भिंतीच्या अगदी जवळ गेलं की दगडांचं चित्र वितळल्यासारखं सरकतं.
३. अंधारीत पायऱ्या आहेत, आमचा खेळ सपाट. काही करता येईल का?

---

चिंचबन

वाचताना अंधारीतला वटवाघळांचा वास आला. मी शाळेच्या सहलीत गेले होते, मैत्रिणीचा हात घट्ट धरून. भाचीला शाबासकी सांगा. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण पाच उड्यांपर्यंत सगळं समजलं.

---

कर्कटक

फार छान मांडणी. त्या उड्यांच्या पद्धतीला डीडीए म्हणतात. जॉन ॲमनाटाइड्स आणि अँड्र्यू वू यांनी १९८७ च्या शोधनिबंधात ती त्रिमिती घरांसाठी मांडली होती. तुम्ही तिचं द्विमिती रूप वहीवर पुन्हा शोधलंत.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच हिशेबात आहे. ते २०० कुठून आले? पडद्याची उंची म्हणून घेतले असणार. पण पडदा डोळ्यापासून किती लांब आहे, ते रुंदी आणि कोनावरून आधीच ठरलंय. अर्धी रुंदी १६०, अर्धा कोन ४५ अंश, टॅन ४५ म्हणजे १. म्हणून पडदा १६० ठिपके लांब आणि उंची १६० ÷ अंतर. तुम्ही प्रत्येक भिंत सव्वापट ताणत होता. कोन बदलला की हा आकडाही बदलायचा. पुष्कळ जण कॅमेऱ्याच्या पट्टीची (डोळ्यापासून १ अंतरावर धरलेल्या पडद्याची) अर्धी लांबी ०.६६ घेतात, तेव्हा कोन साधारण ६७ अंश होतो आणि १६० ÷ ०.६६ म्हणजे सुमारे २४२ येतात.

दुसरा प्रश्न. भिंत ०.४ अंतरावर आली की उंची ४०० होते, पडदा फक्त २००. वरचे १०० ठिपके पडद्याबाहेर गेले. बहुतेक तुम्ही उंची २०० ला छाटता आणि मग दगडांचं चित्र (६४ ओळींचं धरू) त्या २०० मध्ये बसवता. तसं करू नका. उंची ४००च ठेवा, आणि चित्र शून्याऐवजी जिथून दिसायला लागतं तिथून सुरू करा: १०० ÷ ४०० म्हणजे पाव, ६४ चा पाव १६. सोळाव्या ओळीपासून रंगवा, वितळणं थांबेल.

---

रानवाटा

मी हाच खेळ कोनांनी केला होता. नजरेचा कोन भागिले रेघांची संख्या, दर रेघेला तेवढा कोन वाढवायचा. कोसाइनने गुणून फिश-आय पण काढला. तरी मान फिरवली की भिंती कडेला किंचित वाकतात. का ते आजवर कळलेलं नाही.

---

कर्कटक

रानवाटा, कारण पडदा सपाट आहे, गोल नाही. सारख्या कोनांचे किरण सपाट पट्टीवर सारख्या अंतरावर पडत नाहीत. कडेला ते विरळ होत जातात. वर गोदाकाठ यांनी घेतलेला किरण ३६.८७ अंशांचा आहे. तुमच्या पद्धतीने तो ३६.८७ ÷ ४५ × १६० + १६० म्हणजे २९१व्या रेघेत पडेल. त्याची खरी जागा २८०. अकरा रेघांचा फरक डोळ्याला जाणवतोच. पडद्यावर सारखी अंतरं घ्या आणि त्यावरून किरणाची दिशा काढा. कोन मोजायचाच नाही, दिशेच्या बाणात आडव्या पट्टीचा हिस्सा मिळवायचा. मग साइन-कोसाइन फक्त खेळाडू वळतो तेव्हा लागतात.

एक आठवलं म्हणून लिहितो. १९९२ च्या त्या खेळात साइनची किंमत दर वेळी काढत बसत नसत, कोष्टक आधीच करून ठेवलेलं असे. आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये हेच केलं होतं. पाव वर्तुळाच्या २४ ज्या (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेली साइन), दर ३ अंश ४५ कलांना एक (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), त्रिज्या ३४३८ कला. पहिली ज्या २२५. आठवी, म्हणजे ३० अंशांची, १७१९: बरोबर त्रिज्येच्या निम्मी. भाचीला आठवी ज्या ३४३८ ने भागून पाहायला सांगा. साइन हा शब्दसुद्धा जीवा या शब्दाचा अरबी आणि लॅटिनमधून फिरून आलेला अवतार आहे.

---

फळा-खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. संगणक आहेत, इंटरनेटचा भरवसा नाही, आणि नवीन काही इन्स्टॉल करायची मुभा नाही. हे चालेल का? आणि नुसत्या रंगीत भिंतींऐवजी मुलांनी काढलेली चित्रं भिंतीवर लावता आली तर मुलं जीव ओतून करतील.

---

गोदाकाठ

सर, नक्की चालेल. सगळा खेळ एकाच एचटीएमएल फाइलमध्ये आहे, सुमारे अडीचशे ओळी. पेन ड्राइव्हवरून आणून ब्राउझरमध्ये उघडायची.

चित्रांबाबत एक खाच आहे, ती आधीच सांगतो म्हणजे तुमचा दिवस वाचेल. फाइल थेट डिस्कवरून उघडली की ब्राउझर सुरक्षेसाठी बाहेरच्या चित्राचे ठिपके वाचू देत नाही. चित्र कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या जागेवर, दिसतं, पण त्यातला एखादा ठिपका कोणत्या रंगाचा हे विचारलं की एरर. मी आधी ठिपका-ठिपका वाचून रंगवत होतो, म्हणून अडकलो. त्याऐवजी चित्राची एक ठिपका रुंद उभी फीत कापून ताणून चिकटवायची, ड्रॉइमेज या एकाच आज्ञेत. ते चालतं. कुठली फीत? किरण घराच्या कडेवर कुठे लागला त्यावरून. वरच्या उदाहरणात किरण य = ३.३७५ ला लागला. पूर्णांक सोडा, ०.३७५ × ६४ = २४. चोविसावी फीत.

मुलांनी ६४ बाय ६४ घरांचं चित्र काढायचं. वारली नक्षी यावर फार सुरेख उठून दिसेल, काळसर तांबडी भिंत आणि पांढरी माणसं.

---

जुना खेळाडू

१९९६ च्या सुमारास क्लासच्या संगणकावर मी वुल्फेन्स्टाइन, तो जर्मन किल्ल्याचा खेळ, खेळलोय. दार उघडताना ते भिंतीत सरकत जायचं आणि पलीकडचा उजेड दिसायचा, तो क्षण अजून आठवतो. अंधारीत दारं ठेवली का?

आणि एक शंका. लहानपणी ऐकलं होतं की उजवा हात भिंतीला लावून चालत राहिलं की कुठल्याही भुलभुलैयातून बाहेर पडता येतं. मग खेळात मजा कशी राहणार?

---

गोदाकाठ

दारं अजून नाहीत. त्या खेळात दार घराच्या कडेवर नसून मधोमध असायचं. म्हणजे दाराच्या घरात शिरल्यावर किरण आणखी अर्ध्या उडीने पुढे न्यायचा आणि तिथे दार आहे की ते सरकलेलं आहे ते पाहायचं. कागदावर झालंय, पुढच्या रविवारी लिहिणार.

हाताच्या नियमाबद्दल तुम्ही ऐकलंय ते बऱ्याच नकाशांना लागू पडतं. आम्ही नकाशा असा करतो: २१ बाय २१ घरं, आधी सगळ्या भिंती. एका घरातून सुरुवात, कुठल्याही दिशेला दोन घरं उडी मारायची, मधली भिंत फोडायची, पुढे जायला जागा उरली नाही की आल्या वाटेने मागे. सगळी १०० दालनं जोडली गेली की थांबायचं. अशा नकाशात कुठल्याही दोन दालनांमध्ये एकच वाट असते आणि सगळ्या भिंती एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हणून हात न उचलता चालणारा कधीतरी बाहेर पडतोच. भाचीने हे दोन दिवसांत हेरलं आणि एकही गल्ली न चुकता सारखी जिंकायला लागली. मग आम्ही आतल्या दहा-बारा भिंती आणखी फोडल्या. त्याने वाटांना वेढे पडले, मधे सुट्या भिंतींची बेटं तयार झाली, आणि बाहेर जायचा जिना तशाच एका बेटाच्या कुशीत ठेवला. बाहेरच्या भिंतीला हात लावून चालणारा आता त्याच्याभोवती फिरत राहतो. आता ती खडूच्या खुणा करायची सोय मागते आहे. मला ती मागणी फार आवडली.

---

तिकडची मी

मी टोरांटोत खेळांच्या कंपनीत ग्राफिक्सचं काम करते. रोज लाखो त्रिकोणांशी गाठ असते आणि हा ३२० रेघांचा धागा वाचून सकाळ छान झाली.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पायऱ्या करता येतील. सध्या पहिली भिंत लागली की तुमचा किरण थांबतो. त्याला थांबवू नका. प्रत्येक घराला जमिनीची उंची द्या, ०, ०.१, ०.२ अशी. किरण घराची सीमा ओलांडतो तेव्हा पुढचं घर उंच असेल तर त्या फरकाची उभी फीत काढा, तीच पायरीची उभी बाजू. मग तिच्या माथ्याचा आडवा भाग. या रेघेत खालून वर कुठपर्यंत रंगवून झालंय तो एक आकडा लक्षात ठेवा आणि त्याच्या वरचाच भाग रंगवा. जवळून दूर जात असल्यामुळे जे झाकलंय ते आपोआप वगळलं जातं. नोव्हालॉजिकच्या कोमांची या १९९२ च्याच हेलिकॉप्टरच्या खेळात डोंगर याच धर्तीवर काढले होते. खेळाडूच्या डोळ्याची उंचीही त्याच्या घराबरोबर हळूहळू वाढवा, एकदम वाढवली तर झटका बसतो.

अंधारीची वळणं मात्र गोलसर आहेत आणि तुमच्या भिंती काटकोनात. तिथे चौकटीची वही सोडावी लागेल. कार्मॅकनेही डिसेंबर १९९३ च्या डूममध्ये चौकट सोडली, हव्या त्या कोनातल्या भिंती घेतल्या आणि कोणती आधी काढायची हे ठरवायला बीएसपी ट्री, म्हणजे जागेचे दोन-दोन तुकडे करत जाणारी रचना, वापरला. ते वेगळं आणि मोठं काम आहे. दहावीच्या वर्षात नका घेऊ. पायऱ्या पुरे.

एक विचारते: भिंतीला तिरकं चालत गेलं की खेळाडू अडकतो की भिंतीला घासून पुढे सरकतो?

---

गोदाकाठ

आधी अडकायचा, गोंदाला चिकटल्यासारखा. क्ष आणि य वेगवेगळे तपासल्यावर सुटला. आधी फक्त क्ष ची हालचाल करून बघायची, भिंत आड येत असेल तर ती सोडायची, मग फक्त य ची. एक अडली तरी दुसरी होते आणि खेळाडू भिंतीलगत सरकतो. शिवाय ठिपक्याला ०.२ ची जाडी दिली, म्हणजे नाक भिंतीत घुसत नाही. वेगही फ्रेमवर न ठेवता गेलेल्या वेळावर ठेवला, कारण माझ्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या) पडद्यावर चालणारा खेळाडू तिच्या दादाच्या १४४ हर्ट्झच्या पडद्यावर धावत सुटला होता.

---

चिंचबन

माझ्या आईला असे खेळ बघून गरगरतं. काही उपाय?

---

तिकडची मी

वळण्याचा वेग कमी ठेवा आणि चालताना डोकं वरखाली हलण्याची नक्कल करू नका. मोठ्या पडद्यापासून जरा लांब बसलं तरी फरक पडतो. एका बैठकीत दहा मिनिटं पुरेत. मळमळ सुरू झाली की तिथेच थांबा, नेट लावून खेळू नका.

---

गोदाकाठ

कर्कटक, आज संध्याकाळी २०० चे १६० केले. त्यावर भाचीने लगेच विचारलं, "आता १६० ÷ २.५ = ६४ आले. पण ६४ तर आपलं चुकलेलं उत्तर होतं ना?" तो योगायोग आहे, आधीच्या चुकीत २०० ला ०.८ ने गुणलं जात होतं आणि २०० चे ०.८ पट म्हणजे १६०च. तिला ते लिहून दाखवावं लागलं, तोंडी पटेना.

मग तिने स्वतः पुढचं केलं. खेळाडूला भिंतीसमोर बरोबर २.५ घरांवर उभं केलं, पडद्याचा फोटो काढला आणि ठिपके मोजले. दगडाचं घर ६४ उंच आणि ६४ रुंद. आमचं चित्रही ६४ बाय ६४. त्या अंतरावर तिने काढलेला प्रत्येक ठिपका पडद्याच्या एकेका ठिपक्यावर जसाच्या तसा बसतो, ना ताणलेला ना चेपलेला. तिने नकाशात त्या घरावर पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे. खडूची पहिली खूण तिथेच उमटणार आहे.